आधी कोण, मग काय

2023 च्या सप्टेंबरनंतर काही महिने बीड जिल्ह्यातल्या सरकारी कचेऱ्यांत एकच शब्द शोधला जात होता : कुणबी. 1 सप्टेंबरला शेजारच्या जालना जिल्ह्यात, अंतरवाली सराटीत लाठीमार झाला होता. तिथे मराठा आरक्षणासाठी उपोषणाला बसलेले मनोज जरांगे पाटील मूळचे बीड जिल्ह्यातल्या मातोरीचे. आंदोलन पेटले आणि मराठ्यांच्या निजामकाळातल्या कुणबी नोंदी धुंडाळण्याचे काम सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीकडे सोपवले. तहसिलातली बासने सुटली, शाळांची जुनी रजिस्टरे कपाटाबाहेर आली, मोडी आणि उर्दू वाचणाऱ्या माणसांना अचानक मागणी आली. हे सगळे अपेक्षितच होते. पण तपासायच्या कागदांच्या यादीत आणखीही काही होते. पोलीस ठाण्यांच्या गुन्हे नोंदवह्या होत्या, अटक पंचनामे होते आणि तुरुंगातली कच्च्या कैद्यांची रजिस्टरेसुद्धा होती.

पणजोबाची जात शोधायला कोणी तुरुंगात का जावे? कारण तिथे ती हमखास लिहिलेली असायची. माणसाने काय केले हे पुढच्या रकान्यात, तो कोण हे आधीच्या.

बीडच्या फौजदारी न्यायाचा दोन-अडीचशे वर्षांचा इतिहास या दोन रकान्यांच्या क्रमात सापडतो. राज्ये बदलली, कायदे बदलले, दरबारी भाषाही बदलली. हा क्रम मात्र फार हळू बदलला.

ठाणे नव्हते तेव्हा गावाची राखण गावाकडेच होती आणि ती जातीने वाटलेली होती. वेशीवर येसकर बसे, रात्री जागल्या फिरे. कुठे महार, कुठे मांग, कुठे रामोशी, तर डोंगरपट्ट्यात भिल्ल. गावात कोण आले, कोणाकडे उतरले, पहाटे कोण निघून गेले, हे येसकराला ठाऊक असावे लागे. चोरी झाली की पहिले काम माग काढण्याचे. धुळीतले पाऊल एखाद्या टोपलीखाली झाकून ठेवायचे, त्याची लांबी काडीने मोजायची, टाच किती रुतली आहे ते पाहायचे आणि बांधाबांधाने पुढे जायचे. माग शेजारच्या शिवारात शिरला की तो त्या गावच्या जागल्याच्या हवाली होई. तिथून पुढे माग काढून देणे ही त्या गावाची जबाबदारी. माग गावातच विरला तर नुकसान त्या गावाने भरून द्यायचे. मराठी मुलखातली ही रीत पाहून इंग्रज अधिकाऱ्यांनी तिची सविस्तर नोंद केली. एल्फिन्स्टनने 1819 च्या अहवालात गावच्या या पहाऱ्यावर बरेच लिहिले आहे. रीत हुशारीची होती यात शंका नाही. पण अंधारात धुळीवर ओणवा होऊन माग काढणाऱ्याला गावाच्या आत राहायला जागा नव्हती, हेही त्याच रीतीत बसत होते.

तंटा मोठा असेल तर गोतसभा बसे. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी आणि बलुतेदार एकत्र जमत, साक्षी होत आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. त्यावर पाटील नांगराची निशाणी करी, बाकीचे आपापल्या हत्याराची. पुरावा नसेल तर दिव्य. तापलेल्या तेलातून धातूचा रवा काढायचा आणि हात किती भाजला यावर खरेखोटे ठरवायचे. शिक्षाही सगळ्यांना सारखी नव्हती. पेशवाईत ब्राह्मण अपराध्याला सहसा देहान्ताची शिक्षा होत नसे, इतरांना होई. गुन्हा एकच असला तरी अपराधी कोण, यावर शिक्षा ठरे.

बीड परगणा निजामाकडेच राहिला, त्यामुळे 1818 नंतर पुण्या-नगरकडे कंपनी सरकारची कोर्टे आली ती इकडे आली नाहीत. बदलाला सुरुवात झाली ती पहिल्या सालारजंगांच्या काळात. ते 1853 मध्ये दिवाण झाले आणि 1865 च्या सुमारास त्यांनी जिल्हाबंदी केली. जिल्ह्याला अव्वल तालुकदार, तालुक्याला तहसीलदार. पोलीस खाते वेगळे झाले. जिल्ह्याच्या पोलिसांचा प्रमुख मोहतमीम, ठाण्याचा अधिकारी अमीन, त्याच्या हाताखाली जमादार आणि जवान. पुढे ब्रिटिश दंडसंहितेच्या धर्तीवर ‘ताझीराते आसफिया’ हा फौजदारी कायदा आला. 1921 मध्ये निजाम मीर उस्मान अली खान यांनी न्यायखाते कारभाराच्या हाताखालून सोडवले. ज्याने पकडले त्यानेच निवाडा द्यायचा, ही पद्धत कागदावर तरी संपली. ब्रिटिश हिंदुस्थानात तेव्हा कलेक्टरच्या हाती दोन्ही अधिकार होते. स्वतंत्र भारतात ही फारकत देशभर एकसारखी झाली ती 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने. या एका बाबतीत हैदराबाद संस्थान पुढे होते आणि त्याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे.

पण मुलखाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग जहागिरी, पायगा आणि निजामाच्या खासगी मालकीत होता. मोठ्या जहागीरदारांचे शिपाई वेगळे, कचेऱ्या वेगळ्या. आणि सगळ्यांत मोठी अडचण भाषेची होती. 1884 च्या सुमारास फारसी जाऊन उर्दू ही दरबारी भाषा झाली. बीडचा शेतकरी मराठी बोले. त्याची फिर्याद अशी होई : तो अमिनासमोर उभा राहून आपल्या बोलीत सांगायचा, कारकून ते उर्दूत उतरवायचा, शेवटी शाईचे भांडे पुढे सरकायचे आणि शेतकऱ्याचा अंगठा कागदावर उमटायचा. वर काय लिहिले आहे ते त्याला वाचता येत नसे. तीच गत आरोपीची, साक्षीदाराची आणि निकाल ऐकणाऱ्याची.

त्या काळाची बोली ठाण्यात अजून जिवंत आहे. फिर्याद, जबानी, जामीन, कैद, हजर, मुद्देमाल, तहकूब हे शब्द निजाम आणि पेशवे दोघांच्याही राजवटींतून चालत आले. सगळ्यांत बोलका शब्द आहे ‘इसम’. कोणताही पंचनामा उघडा, ‘सदर इसम मोटारसायकलवर येताना मिळून आला’ असे एखादे वाक्य भेटेलच. मराठीत इसम म्हणजे माणूस. मूळ अरबीत ‘इस्म’ म्हणजे नाव. ठाण्याच्या भाषेत नाव म्हणजेच माणूस झाला, आणि नावावरून घर, घरावरून जात.

हा क्रम कायद्यानेच पक्का केला तो एका मोठ्या समाजगटासाठी. ब्रिटिशांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, 1911 मध्ये तो आणखी कडक केला. अमुक जमातीत जन्मला म्हणून माणूस गुन्हेगार. निजामाच्या राज्यातही तशी व्यवस्था आली. पारधी, कैकाडी, टकारी अशा जमातींच्या याद्या झाल्या. पाटलाकडे किंवा ठाण्यात हजेरी द्यायची, गाव सोडताना परवाना घ्यायचा, पोहोचलेल्या गावी पुन्हा हजेरी. सोलापूरला तर तारेच्या कुंपणाआड वसाहती उभ्या राहिल्या. त्यांना लोक आजही ‘सेटलमेंट’ म्हणतात. बीडच्या माळरानावर पाल ठोकणाऱ्या पारध्याला वाटेत दोन राज्यांच्या हद्दी लागत, नगरकडे इंग्रज आणि इकडे निजाम. दोन्हीकडे त्याचे नाव यादीत होते.

31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा रद्द झाला. भटके-विमुक्त हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण 1959 मध्ये सराईत गुन्हेगारांचा मुंबई कायदा आला आणि पोलिसांच्या वह्यांत जुनी नावे नव्या शीर्षकाखाली राहिली. 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार हा गुन्हा ठरला. वन्यप्राण्यांसाठी ते गरजेचेच होते. मात्र फासे लावून पोट भरणाऱ्या फासेपारध्याचा पिढीजात धंदा त्या कायद्याने एका फटक्यात बेकायदा झाला आणि दुसरा धंदा त्याला कोणी दिला नाही. चोरी झाली की पहिली गाडी पालाकडे वळते, ही या समाजाची तक्रार आजचीही आहे.

निजामी न्यायाची दुसरी बाजू अंबाजोगाईने पाहिली. तेव्हा तिचे नाव मोमिनाबाद होते, तिथे पूर्वी हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. 1935 च्या सुमारास स्वामी रामानंद तीर्थ तिथल्या योगेश्वरी शाळेत मुख्याध्यापक म्हणून आले. संस्थानात त्या वेळी ‘गश्ती निशान 53’ हे परिपत्रक लागू होते. सभा घ्यायची तर आधी परवानगी घ्यावी लागे. सभेत काय बोललात हा नंतरचा प्रश्न. बोलणारा कोण, हे पाहूनच परवानगी मिळे किंवा नाकारली जाई. 1938 मध्ये स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह झाला आणि शाळेत मुलांना शिकवणारे स्वामीजी कैदी झाले. त्यांच्यामागून मराठवाड्यातली शेकडो माणसे हैदराबाद, औरंगाबाद, गुलबर्ग्याच्या तुरुंगांत गेली. बीडमधल्या कितीतरी घरांना तुरुंगाची ओळख गुन्ह्यामुळे झाली नाही, ती चळवळीमुळे झाली.

1947-48 चे वर्ष रझाकारांचे. गावे लुटली गेली, माणसे मारली गेली, आणि पोलीस ठाणे हे दाद मागायचे ठिकाण उरले नाही. 13 ते 17 सप्टेंबर 1948 या पाच दिवसांत संस्थान भारतात आले. त्यानंतर जे झाले त्याबद्दल मराठवाड्यात आजही दबक्या आवाजातच बोलले जाते. सूड निघाला, आणि तो ज्यांनी काही केले नव्हते त्या मुसलमानांवरही निघाला. भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्याच वर्षाच्या अखेरीस गावोगाव फिरून अहवाल दिला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड हे सर्वाधिक होरपळलेले जिल्हे. औरंगाबाद, बीड, नलगोंडा, मेदक या चार जिल्ह्यांत मिळून किमान 5,000 माणसे मारली गेली, असा तिचा अंदाज होता. अहवाल कित्येक दशके बंद राहिला. रझाकारांनी नाव विचारून मारले, नंतरच्या जमावानेही नाव विचारूनच मारले. दोन्ही वेळी न्याययंत्रणा गावात नव्हती. बीडच्या इतिहासातले हे पान दोन्ही बाजूंनी वाचायला हवे.

पुढची वर्षे भराभर गेली. 1949 मध्ये जहागिरी गेल्या. 1 एप्रिल 1951 पासून भारतीय दंडसंहिता लागू झाली आणि ‘ताझीराते आसफिया’ इतिहासजमा झाला. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्रात. ठाण्यातली फिर्याद मराठीत लिहिली जाऊ लागली. स्वातंत्र्याने बीडच्या शेतकऱ्याला न्यायाच्या बाबतीत दिलेली ही सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणता येईल. साठच्या दशकात वतनी पाटीलकी संपली. 1967 च्या ग्रामपोलीस कायद्याने पोलीस पाटील वारसाहक्काऐवजी नेमणुकीने येऊ लागला. पण उच्च न्यायालय आता मुंबईला होते. परळी किंवा आष्टीच्या माणसाला अपिलासाठी मुंबई गाठणे म्हणजे वकिलाच्या फीबरोबर मुक्कामाचा खर्च. मराठवाड्याने वर्षानुवर्षे मागणी लावून धरली आणि 27 ऑगस्ट 1981 रोजी औरंगाबादला खंडपीठाचे कामकाज सुरू झाले.

खालच्या कोर्टात मात्र बीडची एक अडचण आहे, ती कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. दिवाळीच्या सुमारास इथली लाखो माणसे कोयता घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती गुढीपाडव्याच्या आसपास परततात. फिर्यादी फडावर, पंच फडावर, साक्षीदार फडावर. समन्स घेऊन गेलेला शिपाई बंद दाराला पाहून परत फिरतो आणि तारीख पडते. मुकादमाकडून उचल घेतलेला साक्षीदार एका तारखेसाठी फड सोडून येईल तर त्याचा खाडा धरला जातो. आरोपी त्याच मुकादमाच्या नात्यातला असेल तर तो काय साक्ष देणार? फितूर साक्षीदाराला लोक नावे ठेवतात. त्याच्या डोक्यावरची उचल कोणी मोजत नाही.

खटला लांबतो तेव्हा तुरुंग भरतो. देशातल्या दर चार कैद्यांपैकी तिघे अजून शिक्षा न झालेले, कच्चे कैदी आहेत. बीडच्या जिल्हा कारागृहाचे काम मुख्यतः तेच, तारखेची वाट पाहणाऱ्यांना सांभाळण्याचे. मोठी शिक्षा लागली की हर्सूलचे मध्यवर्ती कारागृह. आणि वागणूक चांगली असेल तर गोदावरीपलीकडे पैठण. तिथे 1968 पासून खुले कारागृह आहे, जायकवाडी प्रकल्पाच्या काळापासूनचे. भिंती नाममात्र, कैदी शेतात राबतात, शिक्षेत जास्तीची सूट मिळते. खुल्या तुरुंगाची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. औंध संस्थानाने 1939 मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले होते आणि त्यावरूनच व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट बेतला. साऱ्या यंत्रणेत पैठणसारख्या जागीच माणूस आज कसा वागतो याला त्याच्या जुन्या ओळखीपेक्षा जास्त किंमत मिळते. अशा जागा फार थोड्या आहेत.

तुरुंगाच्या रजिस्टरातला जातीचा रकाना मात्र 2024 पर्यंत टिकला. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी देशातल्या कारागृहांच्या नियमावल्या वाचून दाखवून दिले की कुठे स्वयंपाक एका जातीकडे, झाडलोट दुसऱ्या जातीकडे, आणि विमुक्त जमातींचा कैदी म्हणजे जन्मजात सराईत, असे नियम अजून छापलेले आहेत. 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते नियम घटनाबाह्य ठरवले आणि कच्च्या व शिक्षा झालेल्या कैद्यांच्या रजिस्टरातला जातीचा रकानाच काढून टाकायला सांगितला. ज्या रकान्यासाठी वर्षभरापूर्वी जुनी रजिस्टरे उघडली होती, तोच हा रकाना.

त्या निकालाला दहा आठवडेही झाले नव्हते. 9 डिसेंबर 2024 रोजी केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे भरदिवसा अपहरण झाले आणि त्याच दिवशी त्यांचा मृतदेह सापडला. तीन दिवस आधी पवनचक्की प्रकल्पाच्या जागेवर भांडण झाले होते. गावातल्या वॉचमनला मारहाण झाली म्हणून सरपंच मध्ये पडले होते. कंपनीकडे मागितलेल्या 2 कोटींच्या खंडणीतून हा खून झाला, असे तपास यंत्रणेचे म्हणणे आहे. अपहरणाची खबर देऊनही ठाणे वेळेवर हलले नाही, ही कुटुंबाची तक्रार. केजच्या एका उपनिरीक्षकाला निलंबित करण्यात आले, तपास सीआयडीकडे गेला, मोक्का लागला. खटल्याचा निवाडा न्यायालय देईल.

पण खटल्याबाहेर दुसराच निवाडा सुरू झाला. मारणारे कोणत्या जातीचे, मेलेला कोणत्या जातीचा, ठाण्यातला अधिकारी कोणाचा. कोणत्या ठाण्यात कोणत्या आडनावाचे किती पोलीस, याच्या याद्या मोबाइलवर फिरल्या. फिर्याद घेऊन येणारा माणूस आधी टेबलावरची पाटी वाचू लागला आणि मग ठरवू लागला, आत जायचे की परत फिरायचे.

डिसेंबरअखेर नवनीत काँवत बीडचे पोलीस अधीक्षक झाले. त्यांनी पोलिसांना एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारायला सांगितले, आणि 2025 च्या सुरुवातीला टेबलावरच्या पाट्या आणि छातीवरचे बिल्ले बदलले गेले. आडनाव गेले, नुसते नाव उरले. कोणी म्हणेल, पाटी बदलून मन बदलते का? मन लगेच बदलत नाही. पण दारात उभ्या असलेल्या घाबरलेल्या माणसाचे पाऊल आत पडायला एवढेही पुरते, आणि पाऊल आत पडले तरच पुढचा सगळा कायदा उपयोगाचा.

कायदा तसा फिर्यादीच्या बाजूने उभा आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की गुन्हा नोंदवलाच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2013 मध्ये ललिताकुमारी खटल्यात सांगितले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते, हद्दीचे कारण चालत नाही. ठाण्याने नाकारली तर अधीक्षकांकडे आणि तिथेही दाद लागली नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येते. दलित-आदिवासींच्या बाबतीत कर्तव्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात शिक्षा आहे.

निजामाच्या अमिनासमोर अंगठा उठवणाऱ्या बीडच्या शेतकऱ्याला आपल्या फिर्यादीत काय लिहिले आहे ते कळायची सोय नव्हती. आज ती आहे. फिर्याद तुमच्या भाषेत लिहिली जाते, ती तुम्हाला वाचून दाखवलीच पाहिजे आणि तिची प्रत फुकट मिळाली पाहिजे. ठाण्यात जाल तेव्हा सही करण्याआधी ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. काय घडले ते नीट लिहिले आहे का, एवढे पाहा, आणि प्रत घेतल्याशिवाय परत फिरू नका.